गोळी विरघळली नाही तेव्हा

औषधाच्या कारखान्यात प्रत्येक वस्तूला रंग असतो. कच्चा माल असो, रिकाम्या बाटल्यांचं खोकं असो की तयार गोळ्यांचा ड्रम, त्यावर लेबल असतं आणि ते पिवळं, हिरवं किंवा लाल असतं. पिवळं म्हणजे तपासणी चालू आहे, हात लावायचा नाही. हिरवं म्हणजे पास. लाल म्हणजे नापास, आणि तो माल कुलपात. पिवळ्या लेबलावर ‘क्वारंटाईन’ असं छापलेलं असतं. करोनात हा शब्द घराघरांत पोचला तेव्हा आमच्या कारखान्यातले लोक हसले होते. आमच्याकडे साखरेची आणि स्टार्चची पोती कित्येक वर्षं क्वारंटाईन होत आली होती.

माझी नोकरी क्यूएची, म्हणजे गुणवत्ता हमी विभागाची. बाहेरच्या माणसाला क्यूए आणि क्यूसी एकच वाटतं. क्यूसी ही प्रयोगशाळा. ती गोळी तपासते. क्यूए गोळी बनवणाऱ्याला, तपासणाऱ्याला आणि दोघांच्या कागदांना तपासते. पिवळ्या लेबलावर हिरवं चिकटवायचा अधिकार क्यूएचा. त्यामुळे कारखान्यात हा विभाग कोणाचाच लाडका नसतो, आणि महिनाअखेरीला तर नसतोच.

या धंद्यात पूर्ण शब्द कोणी बोलत नाही. नवीन माणूस पहिला महिना आद्याक्षरांच्या जंगलात काढतो. एसओपी म्हणजे काम कसं करायचं याची लेखी पद्धत. ती हात धुण्याचीसुद्धा असते. बीएमआर म्हणजे एका बॅचमध्ये कोणी, काय, किती आणि कोणत्या क्रमाने घातलं याची नोंद. अशी आद्याक्षरं बोलता बोलता तोंडात बसतात आणि त्यांचं काही वाटेनासं होतं. अपवाद एकच. ओओएस. आउट ऑफ स्पेसिफिकेशन, म्हणजे तपासणीचा निकाल मर्यादेबाहेर. ही तीन अक्षरं फोनवर ऐकली की बसलेला माणूस उठून उभा राहतो.

साकीनाक्याच्या मागच्या एका गल्लीत, लेथ मशीनच्या आणि प्लॅस्टिकच्या गाळ्यांमध्ये, आमचा छोटा कारखाना होता. तिथल्या माझ्या शेवटच्या वर्षांतली ही गोष्ट.

“सर, ओओएस आहे,” प्रज्ञा फोनवर म्हणाली.

प्रज्ञा गायकवाड क्यूसीत विश्लेषक होती. एम.एससी. झालेली, घाटकोपरहून मेट्रोने येणारी, कंत्राटावर. कंत्राट त्या महिन्याच्या अखेरीला संपत होतं.

“कशात?”

“डिझोल्यूशनमध्ये. फिट्सच्या गोळीच्या.”

“किती खाली?”

“दोन गोळ्या खूपच खाली आहेत. म्हणजे अजून सहा घेऊन बघू, असं म्हणायलापण जागा नाही.”

“भांडी?”

“धुतली नाहीत. कशालाच हात लावलेला नाही, सर.”

डिझोल्यूशन ही गोळीची खरी परीक्षा. काचेची सहा भांडी, प्रत्येकात शरीराच्या तापमानाचं द्रव, प्रत्येकात एक गोळी आणि वर सावकाश फिरणारं वल्ह्यासारखं पातं. ठरलेला वेळ झाला की भांड्यातलं थोडं द्रव काढून त्यात किती औषध उतरलं ते मोजायचं. गोळीत औषध पुरेपूर असून ते विरघळलंच नाही, तर ती गोळी शरीरात शिरते आणि काहीही न करता निघून जाते. डोकेदुखीच्या गोळीचं असं झालं तर डोकं दुखत राहतं. फिट्सच्या गोळीचं झालं तर माणूस रस्ता ओलांडताना पडतो.

ओओएस आला की पहिला संशय तपासणाऱ्यावर घ्यायचा, असा सर्वमान्य नियम आहे. त्यात अपमान मानायचा नसतो. मी प्रयोगशाळेत गेलो. तिचं वजनकाट्याचं काम पाहिलं, भांड्यांचं तापमान पाहिलं, पात्यांची उंची मोजली. भांड्यांतलं द्रव तसंच होतं. तेच तिच्यासमोर पुन्हा मोजून घेतलं. आकडे तेच आले. चूक सापडली नाही.

नियम इथे थांबत नाही. तो पुढे म्हणतो की चूक सापडली नाही, तर ती आहे असं गृहीत धरायचं नाही. गोळ्या बनवल्या कशा, हे शोधायला कारखान्यात उतरायचं. आणि पास होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासत बसायचं नाही. या सवयीला आमच्याकडे ‘टेस्टिंग इन्टू कम्प्लायन्स’ असं भारदस्त नाव आहे. विद्यार्थी पास होईपर्यंत परीक्षेला बसतो, तसलाच प्रकार. फक्त इथे नापास झालेल्या उत्तरपत्रिका फाडून टाकल्या जातात.

मी बीएमआर वाचायला घेतलं होतं. तेवढ्यात प्रयोगशाळेचे प्रमुख नाईक यांनी मला न विचारता उरलेल्या नमुन्यातल्या सहा गोळ्या मशीनवर लावल्या. दुपारी त्यांचा निकाल आला. सहाच्या सहा पास.

संध्याकाळी कारखान्याचे व्यवस्थापक सामंत यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सामंत पार्ल्याचा. आम्ही एका वयाचे, एकमेकांना अरे-तुरे करणारे.

“तावडे, हे बघ. नाईकने केलं. सगळं पास. आता बोल.”

“नाईकला परवानगी कोणी दिली?”

“अरे, परवानगी काय यार! तो त्या मशीनवर तुझ्या-माझ्या आधीपासून आहे. एका बाजूला त्याचा हात, दुसऱ्या बाजूला कालची पोरगी. कोणाचं धरशील?”

“धरण्याचा प्रश्न नाही. तिची चूक सापडलेली नाही.”

“सापडेल ना. शोधली की सापडते.” त्याने एक कागद माझ्याकडे सरकवला. तपासाच्या अहवालाचा मसुदा होता. निष्कर्षाच्या रकान्यात दोनच शब्द टाइप केलेले होते. ‘ॲनालिस्ट एरर’. तपासणाऱ्याची चूक. हे दोन शब्द लिहिले की पहिला निकाल रद्द होतो, दुसरा उभा राहतो आणि पिवळ्यावर हिरवं लेबल चिकटतं. त्यासाठी तीन सह्या लागतात. तपासणाऱ्याची, प्रयोगशाळा प्रमुखाची आणि माझी.

सामंत दुष्ट माणूस नव्हता, हे नोंदवायला हवं. ही ऑर्डर सरकारी रुग्णालयांची होती. “हॉस्पिटलच्या स्टोअरमधून दिवसातून दोनदा फोन येतोय,” तो म्हणाला. “त्यांच्याकडे ही गोळी संपलीये. तिकडे रांगेत माणसं उभी आहेत. त्यांना काय सांगू? आमचे तावडे साहेब नियम वाचतायत?”

मी मसुदा परत त्याच्याकडे सरकवला.

त्याने प्रज्ञाला बोलावलं. तिच्यामागून नाईक आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

“बस प्रज्ञा,” सामंत म्हणाला. “हे बघ, माणूस म्हटला की चूक होते. तुला कोणी वाईट बोलत नाहीये.”

“काय चूक झाली, सर?”

“ते तू सांगायचं ना.”

“झाली असती तर सांगितलं असतं. मागच्या वेळी सांगितलंच ना? तेव्हा मीच आले होते तुमच्याकडे.”

ते खरं होतं. त्याच वर्षी एका दुसऱ्या तपासणीत तिने द्रावण चुकीचं पातळ केलं होतं आणि कोणाच्या लक्षात येण्याआधी स्वतः येऊन सांगितलं होतं. तिच्या नावावर एक ॲनालिस्ट एरर तेव्हा लागला. आमच्या पद्धतीप्रमाणे वर्षात दुसरा लागला की विश्लेषकाला मशीनवरून उतरवतात. कागदावर त्याला ‘पुनर्प्रशिक्षण’ म्हणतात. कंत्राटी माणसाच्या बाबतीत त्याचा अर्थ कंत्राट पुढे वाढत नाही एवढाच असतो. शिवाय पुढच्या कारखान्यात मुलाखतीला गेली की ‘किती एरर लागले?’ हा प्रश्न पहिला विचारला जातो. हे केबिनमधल्या चौघांनाही ठाऊक होतं.

“सही कर आणि मोकळी हो,” सामंत म्हणाला. “कंत्राटाचं मी बघतो.”

“तुम्ही बघाल, सर. पण मग माझा आकडा खोटा होता, असं होईल ना.”

नाईक पहिल्यांदाच बोलले. “मी तिला खोटं नाही म्हणत. पण माझा आकडापण खोटा नाही. आता मी काय करू?”

कॉलेज संपल्यावर काही वर्षं मी एका दैनिकात उपसंपादक होतो. तिथे एक गोष्ट अंगात मुरली. एकाच अपघाताबद्दल दोन साक्षीदार वेगवेगळं सांगत असतील, तर कोण खोटं बोलतोय हे नंतर विचारायचं. आधी विचारायचं, कोण कुठे उभा होता.

“नाईक, सहा गोळ्या कुठून घेतल्यात?”

“सॅम्पलमधून. अजून कुठून?”

बॅचच्या गोळ्या सहा ड्रममध्ये भरलेल्या होत्या. प्रत्येक ड्रममधून थोड्या गोळ्या काढून सहा छोट्या पिशव्यांमध्ये नमुना ठेवलेला असतो.

“पिशव्या किती उघडल्यात?”

नाईक भिंतीपासून सरळ झाले. “एक.”

“कुठली?”

“वरचीच. पहिल्या ड्रमची. घाई होती ना तावडे.”

“प्रज्ञा, तू?”

“प्रत्येक पिशवीतून एक. एसओपी तसंच सांगते.”

सामंत वैतागला. “म्हणजे काय आता?”

“म्हणजे दोघांचे आकडे खरे असू शकतात,” मी म्हणालो. “काही ड्रममधल्या गोळ्या विरघळतायत, काहींतल्या नाहीत. मला उद्याचा दिवस दे. ड्रमवार तपासू. मशीनवर नाईक आणि प्रज्ञा दोघंही उभे राहतील.”

“उद्या संध्याकाळी ट्रक येतोय.”

“त्याच्या आधी सांगतो.”

“आणि सगळे ड्रम पास झाले तर?”

“तर ॲनालिस्ट एरर लिहीन.”

हे मी प्रज्ञाच्या समोर म्हणालो. बाहेर आल्यावर ती व्हरांड्यात थांबली.

“तुम्ही तसं का म्हणालात, सर?”

“त्याशिवाय त्याने दिवस दिला नसता.”

“पण पास झाले तर खरंच लिहाल?”

“लिहावं लागेल.”

तिने मान हलवली आणि पिशव्या कुलपात ठेवायला गेली. चावी तिने नाईकांच्या हातात दिली नाही. स्वतःच्या आणि नाईकांच्या सहीचं सील लावून घेतलं. ते योग्यच होतं.

बीएमआर मी दोनदा वाचलं होतं. त्यात खोट नव्हती. एकच गोष्ट नेहमीपेक्षा वेगळी होती. गोळ्या पाडायचं काम चालू असताना दुपारी साकीनाक्याची वीज गेली. जनरेटर प्रेसला, म्हणजे गोळ्या पाडणाऱ्या यंत्राला, पुरेसा नव्हता. पहिल्या चार ड्रमच्या गोळ्या त्या दिवशी पडल्या. उरलेली तयार पावडर बंद पिंपात राहिली आणि तिच्या दोन ड्रम गोळ्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाडल्या. याचीही रीतसर नोंद होती. पावडर रात्रभर बंद राहिल्याने बिघडत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा उघडण्याच्या आधीच मी खाली उतरलो. प्रेसवर परब होते. तुकाराम परब, मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते. परब गिरण्या बंद पडल्यावर औषधाच्या धंद्यात आले आणि आरेतून बसने येत राहिले. कारखान्यातले सगळे त्यांना काका म्हणायचे.

“परब, वीज गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आल्यावर काय काय केलंत, ते जरा करून दाखवा.”

“काय साहेब, या वयात परीक्षा?”

“दाखवा तर.”

त्यांनी सांगावं असं मला नको होतं, करावं असं हवं होतं. विचारलं की माणूस एसओपी म्हणून दाखवतो. करायला लावलं की हात आपल्या सवयीने जातो.

त्यांनी रिकामं पिंप घेतलं. लेबल तपासायची खूण केली. खोलीतला तापमानाचा काटा पाहिला. झाकणाचं सील पाहिलं. मग पिंप ढकलायला लागले. प्रेस डावीकडे होता. परब उजवीकडे वळले, ब्लेंडरकडे. ब्लेंडर म्हणजे पिंप पकडून त्याला गरागरा फिरवणारी यंत्राची चौकट.

“इकडे कशाला?”

“रात्रभर बसलेला आसता ना ता. पावडर खाली बसता. म्हणान जरा फिरवन घेतंय. मगे प्रेसवर.”

“त्या दिवशी पण फिरवलंत?”

“नेहमीच फिरवतंय. विटामिनच्या गोळ्यांका काय कमी वर्षां फिरवलंय?”

“बीएमआरमध्ये लिहिलं नाहीत.”

परबांना प्रश्नच कळला नाही. “ता काय काम थोडाच, साहेब? कामाच्या आधीचा ता. प्रेस पुसतंय, ता तरी खय लिवतंय?”

इथे थोडं सांगायला हवं. गोळी साच्याला चिकटू नये म्हणून पावडरीत अगदी शेवटी एक पदार्थ घालतात. स्टिअरेट. हाताला साबणासारखा गुळगुळीत लागतो. तो घातल्यावर पिंप थोडाच वेळ फिरवायचं असतं. जास्त फिरवलं की तो प्रत्येक कणावर तेलासारखा पसरतो. मग गोळी छान सुटते, कडा स्वच्छ येतात, चमकही येते. फक्त पाणी आत शिरत नाही. व्हिटॅमिनच्या गोळीला त्याने फारसा फरक पडत नव्हता. फिट्सची ही गोळी मुळात पाण्यात सावकाश उतरणारी. परबांनी आजवर काळजीपोटी केलेली गोष्ट या एका गोळीला मारक होती, आणि ती कोणत्याही एसओपीत ‘करा’ म्हणून नव्हती, की ‘करू नका’ म्हणूनही नव्हती.

मी त्यांना हे सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता.

त्यांनी पिंप पुन्हा जागेवर ढकललं. मग म्हणाले, “दुसऱ्या दिवशीची गोळी कशी झक्क पडलेली. मी पोरांका दाखवलंय, बघा म्हणान.”

“अजून नक्की नाही. आज कळेल.”

“त्या चेडवाच्या अंगार येतला, असा आयकलंय. खरा?”

“गोळ्या पास झाल्या तर तिच्यावर येईल.”

“आणि नापास झाल्यो तर माझ्यार.”

मी वर जायला वळलो.

“माका बघूचा आसा, साहेब,” परब म्हणाले. “इतक्यो गोळ्यो पाडलंय. पुढे तेंचा काय होता, ता कधी बघूकच नाय.”

प्रेसवरच्या माणसाला प्रयोगशाळेत सोडायची पद्धत नाही. मी नाव नोंदवून, ॲप्रन आणि टोपी देऊन त्यांना आत नेलं.

नाईक आणि प्रज्ञा तयारीत होते. डावीकडच्या तीन भांड्यांत पहिल्या ड्रमच्या गोळ्या जाणार होत्या, उजवीकडच्या तीन भांड्यांत शेवटच्या; मधल्या ड्रमची पाळी त्यानंतर. सील दोघांनी मिळून फोडलं. परब दाराशी उभे होते. प्रज्ञाने वळून पाहिलं. त्यांनी काय केलं होतं, हे मी तिला नुकतंच सांगितलं होतं.

“काका, तुम्ही बाहेर बसा ना. झालं की मी येऊन सांगते.”

“ऱ्हवूंदे गे. बघतंय.”

नाईकांनी गोळ्या सोडल्या. पाती फिरायला लागली. डावीकडच्या गोळ्या तळाला टेकल्या आणि काही वेळातच त्यांच्या कडा धुरकट झाल्या. एक उलली, मग दुसरी. पांढरा ढग उठून भांडंभर पसरायला लागला.

उजवीकडच्या तीन गोळ्या तळाला जाऊन बसल्या. पात्यामुळे किंचित डुलत होत्या. पाणी स्वच्छ होतं.

“ह्यो तीन कित्याक फुटणत नाय?” परबांनी विचारलं.

“वेळ आहे अजून, काका,” प्रज्ञा म्हणाली. तिची नजर भांड्यावरून हलत नव्हती.

“तू घाबारलंस गे?”

“हो.”

“मीय.”

खोलीत मोटरचा आवाज तेवढा होता. त्या दोघांना हवं ते एकाच वेळी घडणं शक्य नव्हतं, आणि दोघांनाही ते कळत होतं. नाईक मुद्दामच घड्याळाकडे बघत राहिले. मी भांड्यांकडे बघत होतो. पण डोळ्यांनी निकाल लावायचा नसतो, हे स्वतःला बजावत होतो. गोळी दिसायला आख्खी असते आणि आतून औषध सुटलेलं असतं, असंही होतं.

वेळ भरला. नाईकांनी सहा भांड्यांतून सहा नळ्या भरल्या. मोजायच्या यंत्रात पहिली नळी प्रज्ञाने घातली. आकडा नाईकांनी मोठ्याने वाचला, प्रज्ञाने लिहिला. पास. दुसरी पास. तिसरी पास.

चौथ्या नळीचा आकडा नाईकांनी वाचलाच नाही.

“वाचा ना, सर,” प्रज्ञा म्हणाली.

त्यांनी वाचला. मग पाचवा. मग सहावा. तिन्ही मर्यादेच्या इतके खाली होते की पुढे काही मोजायची गरज नव्हती.

नाईकांनी चष्मा काढून पुसला. “तुझं बरोबर होतं,” ते म्हणाले. “मी सगळ्या पिशव्या उघडायला हव्या होत्या.”

प्रज्ञाने मान डोलावली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. ती परबांकडे गेली, त्यांच्या ॲप्रनची गाठ मागून सोडायला लागली आणि ती सुटेना म्हणून तिथेच अडकून राहिली.

“सोड गे,” परब म्हणाले. “रडतंस कित्याक? तू पास झालंस.”

दुपारी मी सामंतच्या केबिनमध्ये गेलो. त्याने सहाही आकडे वाचले, कागद उलटा ठेवला आणि आधी ट्रकवाल्याला फोन केला, मग रुग्णालयाला. दुसऱ्या फोनवर तो बराच वेळ नुसतं “हो, हो” म्हणत होता. पुढची बॅच तयार होईपर्यंत त्या रुग्णालयांनी काय केलं, रांगेतल्या माणसांना काय सांगितलं, हे आमच्या कोणत्याही कागदावर नाही. आमचे कागद कारखान्याच्या फाटकापर्यंतच जातात. नोकरी सुटल्यावरही जी गोष्ट मनातून गेली नाही, ती ही.

त्या संध्याकाळी ड्रमवर लाल लेबलं लागली. चांगल्या गोळ्यांच्या चार ड्रमवरही. बॅच एक असते. तिचा अर्धा भाग पास आणि अर्धा नापास अशी सोय आम्ही ठेवलेली नव्हती.

आता अहवाल उरला. ओओएसच्या तपासाला मूळ कारण लागतं, आणि मूळ कारणाला कापा लागतो. कापा म्हणजे झालेली चूक दुरुस्त करायची आणि पुन्हा होऊ द्यायची नाही, याची लेखी हमी.

“मूळ कारण, ऑपरेटर एरर,” सामंत म्हणाला. “लिही.”

“काल ॲनालिस्ट एरर होतं.”

“टोमणे नको मारू यार. या वेळी तर खरंच माणसाने केलंय ना?”

“रात्रभर ठेवलेली पावडर पुन्हा फिरवायची नाही, हे एसओपीत कुठेच नाही. कारण ते आहे. परबांचं नाव घातलं की एसओपी तशीच राहील आणि परब गेल्यावर दुसरा कोणीतरी फिरवेल.”

“बाहेरचा ऑडिटर येतो तेव्हा त्याला माणूस लागतो. तू त्याला काय दाखवणार, वाक्य?”

परबांचा जबाब घ्यायचा होता, म्हणून त्यांना बोलावलं होतं. ते दारातून ऐकत होते.

“माझा नाव घाला, साहेब,” ते आत येऊन म्हणाले.

“परब, मी तुम्हाला वाचवायला बघतोय,” मी म्हणालो.

“कळता माका. पण मी फिरवलंय. एसओपीन नाय फिरवल्यान.”

सामंतसुद्धा हसला. नंतर त्याने पेन खाली ठेवलं.

शेवटी अहवालात दोन्ही गेलं. आधी एसओपीतली उणीव, मग परबांनी स्वतः सांगितलेली कृती, त्यांच्याच सहीने. परबांना पुनर्प्रशिक्षण मिळालं. त्यांच्या बाबतीत त्या शब्दाचा अर्थ पुनर्प्रशिक्षण एवढाच राहिला, कारण ते कायम नोकरीत होते. प्रज्ञाचं कंत्राट वाढलं. अहवालात तिचं नाव कुठेच नाही. आमच्या अहवालांत विश्लेषकाचं नाव नसतं. ‘मूळ निकाल वैध’ असं एक वाक्य आहे. ती प्रत तिने मागून घेतली होती. वाचली आणि परत दिली.

नापास गोळ्या कचऱ्यात टाकता येत नाहीत; कोणीतरी उचलून विकू शकतं. त्या आधी पाण्यात कालवून ओळखू येणार नाहीत अशा करायच्या असतात. मग तो लगदा घातक कचऱ्याच्या गाडीत जातो. प्रेसचा माणूस कालवतो आणि प्रयोगशाळेचा एक साक्षीदार समोर उभा राहतो. त्या बॅचला साक्षीदार म्हणून प्रज्ञा होती.

मागच्या अंगणात पाण्याची मोठी पिंपं मांडली होती. पहिल्या चार ड्रमच्या गोळ्या पाण्यात पडल्या आणि पाणी लगेच दुधासारखं झालं. शेवटच्या दोन ड्रमच्या गोळ्या मात्र पिंपांच्या तळाशी खडखडत राहिल्या, चमकदार, एकसारख्या. परबांनी बांबू घेतला आणि ढवळायला लागले. दमले की थांबायचे, वाकून बघायचे, पुन्हा ढवळायचे. गोळ्या काही केल्या फुटेनात.

“किती फिरवू गे आता?” त्यांनी कपाळ पुसत विचारलं.

प्रज्ञा पिंपाजवळ आली, आत वाकून बघितलं.

“फिरवा काका, हवं तेवढं,” ती म्हणाली. “याला स्पेसिफिकेशन नाही.”